शेवटचा शब्द कोणाचा?
('सार्वभौम' या शब्दाचा प्रवास)





२०२५ साली देवी अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आपल्या शाळेत निबंध स्पर्धा झाली. विषय होता, 'आमचे इंदूर : काल आणि आज'. नववीतील एका विद्यार्थिनीने लिहिले होते, "१९४८ पर्यंत इंदूर हे सार्वभौम राज्य होते." मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात 'चूक' एवढा एकच शब्द लिहिला.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा शाळेत आले. रागावलेले नव्हते, पण दुखावलेले होते. म्हणाले, "बाई, माझे वडील होळकर सरकारच्या चाकरीत होते. तिकीट आमचे, कचेरी आमची, पोलीस आमचे. मग राज्य आमचे नव्हते, असे तुम्ही कसे म्हणता?" संध्याकाळी विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचाही फोन आला. त्यांचे म्हणणे अगदी उलट होते. "बरोबर केलेत. रेसिडेंटच्या परवानगीशिवाय पान हलत नव्हते तिथे. मुलांना खरे काय ते कळू द्या."

दोघेही वडीलधारे, दोघेही याच गावचे, आणि दोघांचेही काही अंशी बरोबर. चूक असेल तर माझ्या लाल रेघेची होती, कारण ज्या प्रश्नाला पानभर उत्तर हवे, तिथे मी एका शब्दात निकाल दिला. ते पानभर उत्तर आज या वार्तापत्रातून देण्याचा प्रयत्न करते.

शब्दापासून सुरुवात

माझे बी.ए. हिंदी माध्यमातून झाले. राज्यशास्त्राच्या पेपरात आम्ही 'संप्रभुता' किंवा 'प्रभुसत्ता' असे लिहीत असू. तुमच्यापैकी बहुतेकांच्या पुस्तकातही हाच शब्द आहे. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत हिंदीत 'संपूर्ण प्रभुत्व-संपन्न' असे म्हटले आहे, तर मराठीत 'सार्वभौम'. घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे दोन्ही शब्द माहीत असायला हवेत.

'सार्वभौम' हा शब्द जुना आहे. सर्व भूमीचा जो स्वामी तो सार्वभौम, म्हणजे चक्रवर्ती सम्राट. या अर्थाने पाहिले तर पृथ्वीवर एका वेळी एकच सार्वभौम असू शकतो. आज मात्र भारत सार्वभौम आहे, चीन सार्वभौम आहे आणि चिमुकले भूतान व मालदीवही सार्वभौम आहेत. म्हणजे शब्द तोच राहिला, पण अर्थ पार बदलला. पूर्वी त्यात आकार आणि पराक्रम मोजला जाई. आज त्यात समानता आणि अधिकार मोजला जातो.

हा अधिकार कसला? सोप्या भाषेत सांगायचे तर शेवटचा शब्द कोणाचा, याचा. घरात वाद झाला की शेवटी आजी म्हणेल ते होते. शाळेत वाद झाला की तो माझ्या टेबलावर येतो. पण मी दिलेला निर्णय विश्वस्त मंडळ बदलू शकते, आणि मंडळाच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते. असे वर वर चढत गेले की जिथे पायऱ्या संपतात, तिथे सार्वभौमत्व असते. इतिहासात प्रश्न एवढाच होता की ती शेवटची पायरी कोणाची? देवाची, बादशहाची, राजाची, करारावर सही घेणाऱ्याची, की लोकांची?

आपली जुनी उतरंड

शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला. गड, फौज आणि मुलूख त्यांच्याकडे आधीच होता. मग एवढा खर्च आणि सोहळा कशासाठी? कारण तोपर्यंत विजापूर आणि दिल्लीच्या दरबारांच्या लेखी ते एका सरदाराचे पुत्र किंवा बंडखोर जहागीरदार होते. राज्याभिषेकाने त्यांनी जाहीर केले की, आमच्या वर आता कोणी नाही. त्यांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली, राज्याभिषेक शक सुरू केला आणि राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश तयार करवला. ही सगळी सार्वभौमत्वाचीच लक्षणे होती.

पण पुढच्या काळात चित्र इतके सरळ राहिले नाही. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून शाहू महाराजांसाठी स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन आले. म्हणजे प्रत्यक्ष जोर मराठ्यांचा, पण कागदावर शिक्का बादशहाचा. छत्रपती साताऱ्याला, कारभार पुण्यात पेशव्यांकडे आणि माळव्यात मुलूख राखणारे होळकर, शिंदे, पवार. १७८४ साली महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभार हाती घेतला, तेव्हाही वकील-इ-मुतलक हे पद त्यांनी बादशहाकडून पेशव्यांच्या नावे मिळवले आणि स्वतः त्यांचे प्रतिनिधी म्हणून काम पाहिले. एकाच गावाच्या वसुलात दोन-तीन सत्तांचा वाटा असे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

आपल्या अहिल्यादेवींचेही असेच होते. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे महेश्वरहून त्यांनी कारभार केला. न्याय, वसूल, फौज सारे त्यांच्या हुकमाने चाले. तरीही होळकर हे पेशव्यांचे सुभेदार म्हणवत. शिवाय त्यांच्या घराण्यात दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा असा भेद होता. राज्य ही राज्यकर्त्याची घरची तिजोरी नव्हे, ही समज त्यात दिसते.

या उतरंडीचा एक नमुना तर थेट युरोपातील हेग शहरी, आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोहोचला. १७७९ साली पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि त्यानुसार पुढे बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना लावून दिली. हाच दादरा आणि नगर हवेलीचा मुलूख. १९५४ साली तेथील लोकांनी आणि स्वयंसेवकांनी पोर्तुगीज सत्ता हटवली. तेव्हा दमणहून तिथे जाण्याचा हक्क आम्हाला आहे, असा दावा पोर्तुगालने हेगमध्ये केला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. त्यात न्यायालयाने मराठ्यांचा तह आणि सनदा तपासून म्हटले की, पेशव्यांनी दिले ते केवळ वसुलाचे उत्पन्न, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. गावांचे सार्वभौमत्व त्यांनी दिले नव्हते. पुढे इंग्रजांच्या काळात मात्र पोर्तुगालचे सार्वभौमत्व व्यवहारात मान्य होत गेले, असेही न्यायालयाने नमूद केले. पोर्तुगालच्या नागरिकांना आणि मुलकी अधिकाऱ्यांना जाण्या-येण्याचा हक्क होता, सैन्याला किंवा सशस्त्र पोलिसांना नव्हता, आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असा निर्णय झाला.

मुलांनो, विचार करा. 'सरंजाम' या आपल्या दफ्तरातील शब्दाचा अर्थ पावणेदोनशे वर्षांनी जगातील सर्वांत मोठ्या न्यायालयात ठरवला गेला. उत्पन्न दिले म्हणजे राज्य दिले असे नाही, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

युरोपातून आलेली कल्पना

इकडे उतरंडीचा कारभार चालू असताना युरोपात मात्र वेगळाच विचार वाढत होता. इंग्रज आपल्याकडे आले ते हाच विचार डोक्यात घेऊन. म्हणून तो थोडक्यात पाहू.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पंथांत भयंकर यादवी चालू होती. १५७२ साली पॅरिसमध्ये हजारो प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. पुढे चारच वर्षांनी, १५७६ साली, झाँ बोदाँ या विद्वानाने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक राज्यात एकच सर्वोच्च, कायमस्वरूपी आणि अविभाज्य सत्ता हवी, नाहीतर रक्तपात थांबणार नाही, असे त्याचे सांगणे. इंग्लंडमध्येही यादवीनंतर १६५१ साली थॉमस हॉब्जने असेच मत मांडले. म्हणजे सार्वभौमत्वाची आधुनिक कल्पना जन्मली ती गर्वातून नव्हे, भीतीतून.

१६४८ साली वेस्टफालियाच्या तहांनी युरोपातील तीस वर्षांचे युद्ध संपले. प्रत्येक राज्य आपापल्या सीमेत मालक, दुसऱ्याने आत ढवळाढवळ करायची नाही, या तत्त्वाचा आरंभ पुस्तकांत इथून सांगतात. खरे पाहता त्या तहांत हे तत्त्व इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेले नाही. ते हळूहळू रूढ होत गेले.

मग अठराव्या शतकात मालकच बदलला. १७६२ साली रूसोने म्हटले की सार्वभौमत्व राजाचे नसून लोकांचे आहे. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने सार्वभौमत्वाचा उगम राष्ट्रात आहे असे घोषित केले. राजा हा मालक नव्हे, फार तर सेवक, ही गोष्ट त्या काळी भूकंपासारखी होती.

मात्र ही सगळी तत्त्वे युरोपीय लोकांनी आपल्या घरापुरती ठेवली. समुद्र ओलांडला की त्यांचे नियम बदलत.

मंदसौरचा तह आणि रेसिडेन्सी

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांची फौज हरली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. गादीवर दुसरे मल्हारराव, वयाने लहान. तात्या जोगांसारख्या कारभाऱ्यांनी राज्य सावरले आणि राजधानी इंदूरला आली. आपले हे शहर राजधानी झाले ते असे, एका पराभवानंतर.

तहाने काय दिले आणि काय घेतले? मोठा मुलूख गेला. राजपुतान्यातील राज्यांवरचे हक्क गेले. कंपनीला कळवल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही राज्याशी पत्रव्यवहार करता येणार नव्हता. रक्षण कंपनी करणार आणि दरबारात तिचा रेसिडेंट बसणार. पण त्याच तहात हेही कबूल केले होते की, महाराजांचे नातलग, चाकर आणि रयत यांच्याशी इंग्रजांना काही कर्तव्य नाही, तिथे महाराजच पूर्ण अधिकारी.

म्हणजे दाराबाहेर इंग्रज, दाराआड महाराज. सर हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडिताने काठियावाडच्या संस्थानांविषयी १८६४ साली लिहिले की सार्वभौमत्व म्हणजे अनेक अधिकारांचा समूह आहे, आणि तो वाटून घेता येतो. बोदाँ म्हणाला होता की ते अविभाज्य आहे. युरोपात अविभाज्य असलेली गोष्ट हिंदुस्थानात सोयीप्रमाणे विभाज्य झाली!

आता त्या आजोबांचे म्हणणे पाहू. होळकर राज्याची स्वतःची टपाल तिकिटे १८८६ पासून होती. सूर्यमुखाचे चिन्ह असलेली नाणी होती. न्यायालये, पोलीस, शाळा, इस्पितळे होती. महाराजांना एकोणीस तोफांची सलामी असे, आणि स्वतःच्या राज्यात एकवीस. आजोबा खोटे बोलत नव्हते.

पण विश्वस्तांचे म्हणणेही पाहू. दुसऱ्या तुकोजीरावांनी आपल्या राजधानीपर्यंत आगगाडी यावी म्हणून सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. पैसा होळकरांचा, जमीन होळकरांची, पण रुळांच्या पट्ट्यावर कायदा इंग्रजांचा. शहराच्या कुशीतच रेसिडेन्सी होती, तिथेही हुकूम इंग्रजांचा. आजही आपण त्या भागाला रेसिडेन्सी म्हणतो. मध्य भारतातील साऱ्या संस्थानांवर देखरेख करणारा एजंट १८५४ पासून इथेच राहत असे. १ जुलै १८५७ रोजी उठावातील लोकांनी सादत खानांच्या पुढाकाराने याच रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. शेवटचा शब्द कुठे आहे, हे त्यांना बरोबर कळले होते.

राजांनाही ते कळत गेले. १८७५ साली वडोदऱ्याच्या मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले. रेसिडेंटवर विषप्रयोगाचा आरोप होता. चौकशी मंडळाचे एकमत झाले नाही, तरी गैरकारभाराचे कारण देऊन गादी काढून घेण्यात आली. इंदुरात १९२६ साली तिसऱ्या तुकोजीरावांवर अशीच वेळ आली. आदल्या वर्षी मुंबईत झालेल्या एका खुनाच्या खटल्यानंतर सरकारने त्यांना विचारले, चौकशी मंडळाला सामोरे जाता की गादी सोडता? त्यांनी फेब्रुवारीत गादी सोडली. मंदसौरच्या तहातील 'महाराजच पूर्ण अधिकारी' हे कलम कागदावर तसेच होते.

पुढच्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने हैदराबादच्या निजामाला पत्र लिहिले. निजामाने बरोबरीच्या नात्याने बोलू पाहिले होते. रीडिंगने कळवले की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे, आणि ही गोष्ट केवळ तहांवर अवलंबून नाही. मग १९२७ साली बटलर समिती नेमली गेली. इंग्रजांच्या या अधिसत्तेची मर्यादा नेमकी कोणती, असे राजे विचारत होते. समितीने १९२९ साली उत्तर दिले, ते असे की मर्यादा ठरवता येत नाही, अधिसत्ता ही अधिसत्ताच राहिली पाहिजे. ज्याचा शेवटचा शब्द असतो, तो आपल्या शब्दाची सीमा सांगत नाही.

या सगळ्या पत्रव्यवहारात एका माणसाला कोणीच काही विचारले नाही. ती म्हणजे रयत. राजा म्हणे राज्य माझे, इंग्रज म्हणे अधिसत्ता माझी. हा प्रश्न लोकांनीच पुढे आणला. १९२७ साली मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. इंदुरातही प्रजामंडळाने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली.

तीन कागद, एक माणूस

स्वातंत्र्याच्या कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ ला संस्थानांवरची ब्रिटिश अधिसत्ता संपली. ती भारत सरकारकडे आली नाही, तर नाहीशी झाली. काही राजांना वाटले, आता आपण खरोखरच सार्वभौम झालो. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी राजांपुढे विलीनीकरणाची सोपी वाट ठेवली. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच तीन विषय सोपवा. त्या सामीलनाम्यात राजाचे आपल्या राज्यावरील सार्वभौमत्व अबाधित राहील, असे एक कलमही होते. इंदूरचे यशवंतराव महाराज बरेच दिवस निर्णय घेत नव्हते. शेवटी त्यांनीही सही केली. हैदराबादच्या निजामाने सही केली नाही. आपला प्रश्न त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेला, पण सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने तो संपला.

ज्या कलमाने सार्वभौमत्व राखले होते, ते किती दिवस टिकले? २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्यभारत झाला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही मध्यप्रदेशात मिळाला.

माझ्या आजोबांच्या जुन्या पेटीत तीन कागद आहेत. एक नेमणुकीचा, त्यावर होळकर सरकारचा शिक्का. दुसरा बदलीचा, त्यावर मध्यभारत शासन. तिसरा निवृत्तिवेतनाचा, त्यावर मध्यप्रदेश शासन. आजोबांनी घर बदलले नाही, गल्ली बदलली नाही. लहानपणी मला याची गंमत वाटे. आज वाटते की या तीन कागदांमध्ये एक चौथा कागद असायला हवा होता, ज्याची नोंद घरात कोणी ठेवली नाही. तो म्हणजे १९५२ च्या सुमारास पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत माझ्या आजीने पेटीत टाकलेली मतपत्रिका. आजोबा शिकलेले आणि नोकरदार. आजीला सही करता येत नव्हती. पण त्या दिवशी दोघांच्या मताचे वजन सारखे होते, आणि तितकेच होळकर महाराजांच्या मताचेही. पहिले तीन कागद आजोबांना वरून मिळाले होते. हा एकच कागद आजीने खालून वर पाठवला.

खरे हस्तांतर हेच. संविधान 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होते. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी मांडलेल्या ठरावातच स्पष्ट होते की सारी सत्ता लोकांपासून येते. संस्थानिकांना ते रुचले नव्हते.

जुन्या हक्कांची शेवटची खूण म्हणजे तनखे. १९७० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेतली गेली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मग १९७१ साली संसदेने सव्विसावी घटनादुरुस्ती केली आणि तनखे व मान्यता दोन्ही संपले. यातील एक गोष्ट लक्षात ठेवा. राजाला आपला हक्क मागायला नागरिक म्हणून न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि सरकारला त्याचा हक्क काढायला संविधानाचीच वाट धरावी लागली.

मग आज तरी शेवटचा शब्द पूर्ण आहे का?

लोक सार्वभौम झाले, म्हणजे बहुमत हवे ते करू शकते का? नाही. १९६० साली बेरुबारी या बंगालमधील भागाचा काही हिस्सा पाकिस्तानला देण्याचा प्रश्न आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देशाची भूमी द्यायची तर घटनादुरुस्तीच हवी, नुसता सरकारी करार पुरणार नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरवले की, संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

आणि बाहेर? १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने सर्व सदस्य राष्ट्रांचे सार्वभौमत्व समान मानले. पण १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने हेही सांगितले की, माणसाला काही हक्क केवळ माणूस म्हणून आहेत. त्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ होऊ नये, 'सर्व मानव' असे स्पष्ट लिहावे, असा आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता पुढे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. १९९४ साली रवांडात लाखो लोक मारले गेले आणि जग पाहत राहिले. 'हा त्यांचा अंतर्गत प्रश्न' हे उत्तर तेव्हा अपुरे वाटले. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत देशांनी मान्य केले की आपल्या जनतेचे वंशसंहारासारख्या अत्याचारांपासून रक्षण करणे ही प्रत्येक राज्याची जबाबदारी आहे. म्हणजे सार्वभौमत्व हा आता नुसता अधिकार नाही, ते एक कर्तव्यही आहे. अर्थात या तत्त्वाचा बलवान देश गैरफायदा घेतील ही दुर्बळ देशांची भीतीही खरी आहे. रेसिडेन्सी पाहिलेल्या गावाला ती वेगळी समजावून सांगायला नको.

युरोपातील देशांनी आपणहून काही अधिकार एकत्र केले. २००२ पासून अनेक देशांत एकच युरो चलन हाती आले. ब्रिटनने २०१६ साली कौल घेतला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला. आपणहून दिलेला अधिकार परत घेता येतो, हा यातला धडा. मंदसौरला दिलेला अधिकार होळकरांना परत घेता आला नाही. दोन्ही कागदांवर सह्याच होत्या, पण एक सही मर्जीची होती आणि दुसरी पराभवाची. आणि २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा सीमेचा जुना अर्थही अजून किती मोलाचा आहे, हे साऱ्या जगाला पुन्हा कळले.

त्या निबंधाचे गुण

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येते. इंदूर सार्वभौम होते का? १८१८ नंतर कायद्याच्या पूर्ण अर्थाने नव्हते. घरातला कारभार मोठ्या अंशी होळकरांचा होता, आणि तो अभिमानाने सांगावा असा होता. पण शेवटचा शब्द रेसिडेन्सीत होता. आणि त्याआधीही, नंतरही, तो शब्द इंदूरच्या सामान्य माणसाचा नव्हता. तो त्याच्याकडे आला तो संविधानाने.

मी तिची वही परत मागवली. 'चूक' हा शब्द खोडून त्या जागी लिहिले, "अर्धे बरोबर. उरलेले अर्धे आपण मिळून शोधू." तिच्या आजोबांना हे दाखवले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बाई, अर्धे तरी दिलेत!" विश्वस्त महोदय अजून पाव गुण कापावा म्हणतात. असो.

विद्यार्थ्यांना एक काम देते. आपल्या घरात आजी-आजोबांचा एखादा जुना कागद असेल, शाळेचा दाखला, नेमणूक, जमिनीचा उतारा, पत्रावरचे तिकीट, तर तो घरच्यांच्या परवानगीने पाहा. त्यावर शिक्का कोणाचा आहे? साल कोणते? त्या साली त्या शिक्क्याच्या वर आणखी कोण होते? आणि त्या कागदावर ज्याचे नाव आहे, त्याला कोणी काही विचारले होते का? चार-पाच ओळी लिहून माझ्याकडे आणा. निवडक नोंदी पुढच्या अंकात छापू.

पालकांना एवढीच विनंती की, घरात जुन्या वैभवाच्या गोष्टी जरूर सांगा. मराठी माणूस माळव्यात आला, राहिला, इथला झाला, हे मुलांना कळायलाच हवे. त्याबरोबर हेही सांगा की आपल्या पणजोबांच्या राजांकडे तोफांची सलामी होती, पण शेवटचा शब्द नव्हता. तो आपल्या मुलांकडे आहे. अठरा वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी तो त्यांच्या हाती येईल. तो कसा वापरायचा, हे तोवर शिकवणे हेच शाळेचे आणि घराचे काम.

आपली,
मुख्याध्यापिका